रोजचा ओझोन नकाशा वाचायला शिका

सप्टेंबर लागला की बातम्या सुरू होतात. एका आठवड्यात ‘ओझोनचं छिद्र वाढलं’, पुढच्या आठवड्यात ‘ओझोनचं छिद्र आटलं’. दोन्ही बातम्या बहुधा एकाच नकाशावरून केलेल्या असतात आणि आपापल्या दिवसापुरत्या खऱ्याही असतात. हा नकाशा उपग्रहांच्या मोजणीवरून रोज नवा निघतो, फुकट पाहायला मिळतो आणि बारावीचं विज्ञान कच्चं राहिलेल्यालाही वाचता येतो. अडचण एवढीच, की सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगत नाही.

सुरुवातीलाच एक खूणगाठ बांधून घ्या. कालच्या आणि आजच्या आकड्यात फरक दिसला तर पहिला संशय वाऱ्यावर घ्यायचा, रसायनांवर नंतर. बहुतेक वेळा ओझोन नष्ट झालेला नसतो, सरकलेला असतो. याला एक मोठा अपवाद आहे, अंटार्क्टिकावरचा वसंत ऋतू. तिथे आपण शेवटाकडे जाऊ, कारण सरळ तिथूनच सुरुवात करणारे लोक हमखास गोंधळतात.

पायरी १ : एकक अंगवळणी पाडा

नकाशावरचे आकडे डॉब्सन युनिटमध्ये असतात. तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या उभ्या स्तंभातला सगळा ओझोन गोळा केला, शून्य अंश सेल्सियसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणून ठेवला, तर जो थर बनेल त्याची जाडी म्हणजे हा आकडा. १०० युनिट म्हणजे १ मिलिमीटर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास, म्हणजे अवघे ३ मिलिमीटर. ज्या ‘ओझोन थरा’बद्दल आपण शाळेपासून ऐकतो तो प्रत्यक्षात कित्येक किलोमीटर उंचीत विरळ पसरलेला आहे, पण ऐवज एवढाच.

ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात जमिनीवरून ओझोन मोजण्याचं उपकरण बनवलं, त्यांच्या नावावरून हे एकक आलं. त्याच घराण्यातली उपकरणं आजही वापरात आहेत आणि उपग्रहांचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहिले जातात.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. नकाशावरचा आकडा संपूर्ण स्तंभाचा असतो. त्यातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, उरलेला खाली तपांबरात, म्हणजे आपण श्वास घेतो त्या हवेतसुद्धा. शहरातल्या प्रदूषणातून बनणारा ओझोनही याच बेरजेत येतो, पण त्याचा वाटा इतका लहान असतो की रोजचा नकाशा स्थितांबराचा म्हणून वाचला तरी बिघडत नाही.

पायरी २ : उपग्रह नक्की काय पाहतो ते समजून घ्या

ओझोन अतिनील प्रकाश शोषतो, पण सगळ्या तरंगलांबींना सारखाच नाही. ३१७ नॅनोमीटरच्या आसपास तो बराच शोषतो, ३३१ च्या आसपास खूपच कमी. उपग्रह सूर्याचा मूळ प्रकाश मोजतो, मग पृथ्वीवरून आणि हवेतून परत उसळलेला प्रकाश मोजतो. या दोन तरंगलांबींपैकी पहिली जितकी जास्त खाल्ली गेली असेल तितका वाटेत ओझोन जास्त. बाकी सगळं गणित ढग, जमिनीचा उजळपणा आणि सूर्याचा कोन यांचा हिशोब चुकता करण्यासाठी असतं.

अवकाशातून ही मोजणी १९७० मध्ये निंबस ४ उपग्रहानं सुरू केली. पण रोजचे जागतिक नकाशे म्हणजे काय ते दाखवलं निंबस ७ वरच्या टॉम्स या उपकरणानं. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेलं हे यंत्र मे १९९३ पर्यंत चाललं. पुढे २००४ मध्ये ऑरा उपग्रहावर डच-फिनिश बनावटीचं ओएमआय गेलं, २०११ मध्ये सुओमी एनपीपीवर ओएमपीएस, आणि २०१७ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-५पी वर ट्रोपोमी. ओएमपीएसची भावंडं नंतरच्या नोआ-२० आणि नोआ-२१ वरही आहेत. ही नावं पाठ करायची गरज नाही, नकाशाच्या कोपऱ्यात दिसली तर ओळखता यावीत इतकंच.

हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात आणि दिवसाला चौदा-पंधरा फेऱ्या मारतात. जवळजवळ प्रत्येक ठिकाणावरून ते स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास जातात. याचे दोन परिणाम. एक, मध्य अक्षांशात आणि विषुववृत्ताजवळ तुमच्या गावाची दिवसाला साधारण एकच नोंद मिळते. तेव्हा ‘दैनंदिन बदल’ म्हणजे कालची दुपार आणि आजची दुपार यांतला फरक. सकाळ-संध्याकाळचा चढउतार यात नसतो. (तो असतो, पण मुख्यतः ४० किलोमीटरच्या वर, जिथे ओझोन मुळातच थोडा आहे. २०-२५ किलोमीटरवरच्या दाट थराला दिवस काय नि रात्र काय, फारसा फरक पडत नाही.) दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा: यंत्राला सूर्यप्रकाश लागतो. जिथे रात्र, तिथे आकडा नाही. ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र असते हे आठवा, म्हणजे पुढचा घोटाळा टळेल.

पायरी ३ : नकाशा उघडा आणि आधी कोपरे वाचा

नवख्यासाठी नासाचं ‘ओझोन वॉच’ सगळ्यात सोपं. दक्षिण आणि उत्तर गोलार्धाचे वेगवेगळे नकाशे, ध्रुव मधोमध, तारीख मागेपुढे सरकवायची सोय आणि बाजूला आलेख. जांभळा-निळा म्हणजे ओझोन कमी, पिवळा-लाल म्हणजे जास्त. युरोपच्या कोपर्निकस सेवेचे नकाशेही चांगले आहेत आणि तिथे पुढच्या काही दिवसांचा अंदाजसुद्धा मिळतो. मात्र तो संगणकी प्रारूपातून येतो, मोजणी नव्हे.

नकाशा उघडला की रंगांकडे जाण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: तारीख, यंत्राचं नाव आणि रंगपट्टीची टोकं. तिसरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. एका संस्थेच्या पट्टीत १०० ते ५०० युनिट असतील, दुसरीच्या २०० ते ४५०. तोच आकडा एकीकडे हिरवा, दुसरीकडे निळा. समाजमाध्यमांवर शेजारी-शेजारी लावून फिरणारे ‘तेव्हा आणि आता’ छापाचे फोटो पट्टी न दाखवता टाकलेले असतील तर सरळ पुढे सरका.

मग जून-जुलैतला दक्षिण ध्रुव पाहा. तिथे काळोख असतो, तरी काही नकाशांत रंग भरलेला दिसतो. तो हवामान प्रारूपाच्या मदतीनं भरलेला असतो. ओझोन वॉच तसं स्पष्ट सांगतं, पण तळटीप वाचतो कोण! दुसऱ्या काही नकाशांत ती जागा राखाडी किंवा कोरी ठेवतात. नवख्यानं कोरी ठेवणारा नकाशा पसंत करावा असं मला वाटतं. निदान कुठे मोजलं आणि कुठे नाही ते डोळ्यांना दिसतं.

पायरी ४ : आधी घर पाहा

जगाचा नकाशा उघडून महाराष्ट्रावर या आणि तारीख एकेक दिवस पुढे न्या. कंटाळा येईल. आकडा २६० असेल तर उद्या २५८, परवा २६३. हा कंटाळाच पहिला धडा आहे. उष्णकटिबंधात ओझोन कमी आणि शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईवर साधारण २४०-२५०, उन्हाळ्या-पावसाळ्यात २७०-२८० च्या घरात. म्हणजे वर्षभराचा चढउतार तीसेक युनिटांचा आणि रोजचा त्याहून किती तरी लहान. यंत्राची अचूकता एक-दोन टक्क्यांची धरली तर २६० वर तीन-पाच युनिटांचा फरक हा फरकच नव्हे. पुण्यावरचा ओझोन ‘एका दिवसात चारने घसरला’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

नवखे इथेच विचारतात: जगाची सरासरी ३०० आणि आपल्याकडे २५०, म्हणजे आपल्या डोक्यावर छिद्र आहे का? नाही. ओझोन सगळ्यात जास्त बनतो तो विषुववृत्ताच्या वरच, कारण तिथे ऊन प्रखर. पण स्थितांबरातली हवा तिथून हळूहळू वर उचलली जाते आणि ध्रुवांकडे जाऊन खाली उतरते. माल आपल्याकडे तयार होतो आणि साठा थंड प्रदेशात होतो. म्हणूनच उत्तर गोलार्धात सर्वांत जास्त ओझोन वसंतात, कॅनडा-सैबेरियाच्या बाजूला, ४५० युनिटांच्याही वर सापडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत अतिनील निर्देशांक भलताच चढतो तो थर फाटल्यामुळे नव्हे. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि थर मुळातच पातळ असतो.

पुण्याचं या विषयाशी जुनं नातं आहे. के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी १९४९ मध्ये कमी अक्षांशांवर ओझोन उंचीनुसार कसा वाटलेला असतो यावर काम प्रसिद्ध केलं, आणि हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयात ॲना मणी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय ओझोनसोंड तयार झाला, म्हणजे फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं यंत्र. उपग्रहाचा आकडा कितपत खरा हे सांगायला आजही असे फुगे लागतात.

आता बोट उत्तरेकडे न्या. हिवाळ्यात दिल्ली, श्रीनगर पाहा. तिथे आकडे उड्या मारायला लागतात, विशेषतः पश्चिमी झंझावात येतो तेव्हा. तेव्हा हवामानाच्या बातम्या शेजारी ठेवूनच हा नकाशा पाहा.

पायरी ५ : मध्य अक्षांशात हवामान ओळखा

लंडन, टोरांटो, शिकागो, टोकियो. आपले नातेवाईक कुठे ना कुठे असतातच, तेव्हा त्यांचं एक शहर निवडा आणि मार्च महिनाभर रोज एक आकडा वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत ५० ते १०० युनिटांचा फरक सहज दिसेल. पुण्यात वर्षभरात जेवढा बदल होत नाही त्याच्या दुप्पट-तिप्पट तिथे आठवड्यात होतो.

कारण खालच्या हवामानात आहे. तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधली सीमा वरखाली होत असते. जास्त दाबाचा, उबदार हवेचा डोंगर आला की ती सीमा उंच चढते आणि वरचा थर खालून रेटला जातो. पोळी लाटताना मधला भाग पातळ होतो पण कणीक कमी होत नाही, बाजूला सरकते, तसं ओझोनचं होतं. मध्यभागी आकडा खाली येतो, आजूबाजूला वाढतो. कमी दाबाची द्रोणी आली की उलट: सीमा खाली येते, ध्रुवाकडची ओझोननं भरलेली हवा आत शिरते, आकडा चढतो. नकाशावर हे लांबट, वळणदार पट्ट्यांसारखं दिसतं आणि ते पट्टे रोज पूर्वेकडे सरकतात. एकदा हे डोळ्यात बसलं की ओझोनचा नकाशा पाहून तिथे उद्या गार होणार की ऊन पडणार याचा ढोबळ अंदाज करता येतो. गंमत म्हणून करून पाहा.

कधीकधी हा डोंगर इतका जोरदार असतो की छोटंसं ‘लघु-छिद्र’ दिसतं. दोन-चार दिवस टिकतं आणि भरून येतं. आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे डिसेंबर २००३ मधलं तिबेटच्या पठारावरचं. तिथे आकडा २२० च्याही खाली, म्हणजे अंटार्क्टिकावर छिद्र मानतात त्या रेघेखाली, गेला होता. पठार उंच असल्यामुळे स्तंभाचा खालचा भागच मुळी गायब, त्यात वरून उष्णकटिबंधातली कमी ओझोनची हवा आली. असलं काही दिसलं की लोक लगेच ‘हिमालयावर ओझोन छिद्र’ असा मथळा देतात. दिसायला सारखं असलं तरी त्यामागे हवामान आहे. एकच कसोटी लावा: चार दिवसांनी पुन्हा पाहा.

पायरी ६ : आता अंटार्क्टिका

इथे मात्र ओझोन खरोखर नष्ट होतो. दक्षिण ध्रुवावरच्या हिवाळ्यात स्थितांबरात वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा तयार होतो. त्याच्या आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळत नाही आणि गार होत जाते. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की तिथे विरळ ध्रुवीय ढग बनतात. माणसानं सोडलेल्या सीएफसी (पूर्वी फ्रिजमध्ये वापरले जाणारे वायू) आणि तत्सम वायूंमधला क्लोरीन एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून असतो; या ढगांच्या कणांवर तो मोकळा होण्याच्या बेतात येतो. ऑगस्टमध्ये सूर्य परततो आणि हा क्लोरीन ओझोन तोडायला लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यातला जवळजवळ सगळा ओझोन संपलेला असतो.

रोज पाहायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून सुरू करा आणि चार गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली, छिद्राचं क्षेत्रफळ: जिथे आकडा २२० च्या खाली आहे तेवढा भाग. २२० च का? १९७९ पूर्वी अंटार्क्टिकावर इतका कमी आकडा नोंदला गेला नव्हता, म्हणून ती रेघ ठरली. ती त्या खंडासाठी आहे, जगभर लावायची नाही. आजवरचा एका दिवसाचा सर्वांत मोठा आकार ९ सप्टेंबर २००० चा, सुमारे २.९९ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे नऊ भारत.

दुसरी, त्या दिवसाची सर्वांत कमी नोंद. ३० सप्टेंबर १९९४ ला ती ७३ युनिटांपर्यंत उतरली होती.

तिसरी, ध्रुवीय टोपीची सरासरी, म्हणजे ६३ अंशांपासून ध्रुवापर्यंतची. माझ्या मते नवख्यानं सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर ठेवावा. क्षेत्रफळ एका रेघेवर अवलंबून असतं. भोवरा जरा ताणला गेला, कडेची हवा २१८ वरून २२३ झाली, की लाखो चौरस किलोमीटर एका रात्रीत ‘भरून’ येतात आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळतो. सरासरी अशी उडत नाही. तिची रेघ सप्टेंबरभर शांतपणे खाली येत असेल तर रसायन चालू आहे असं समजा.

चौथी, भोवऱ्याच्या आतलं तापमान. ते ओझोन वॉचवरच, त्याच पानांच्या शेजारी मिळतं. आलेखांत मागे राखाडी पट्टा असतो, तो आधीच्या सगळ्या वर्षांचा आवाका. चालू वर्षाची रेघ पट्ट्याच्या आत असेल तर ते वर्ष नेहमीचंच, बातमी काहीही म्हणो.

हे चारही एकत्र कसे वागतात ते शिकायला दोन जुनी वर्षं उघडा. २००२ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकेक दिवस पुढे जा. गोल छिद्र लांबट होतं, कमरेत आवळतं आणि त्याचे दोन तुकडे पडतात. तेव्हा खालून आलेल्या प्रचंड लहरींनी भोवरा फोडला, स्थितांबर अचानक तापलं. २०१९ मध्येही तापलं. तेव्हा छिद्र ८ सप्टेंबरला सुमारे १.६४ कोटी चौरस किलोमीटरवर जाऊन लगेच आक्रसलं आणि पुढचा बहुतेक काळ १ कोटीच्या खाली राहिलं. ही काही माँट्रियल कराराची, म्हणजे ओझोन खाणाऱ्या रसायनांना आवर घालणाऱ्या जागतिक कराराची, एका वर्षातली कमाल नव्हती. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, भोवरा थंड आणि घट्ट राहिला आणि छिद्र मोठं होऊन डिसेंबरपर्यंत टिकलं. क्लोरीनचं प्रमाण दोन्ही वर्षी जवळपास तेवढंच होतं. १९८७ च्या त्या करारामुळे ते कमी होत आहे हे खरं, पण ते दशकांच्या आलेखात शोधायचं. लागोपाठच्या दोन वर्षांत ते दिसत नाही, दोन दिवसांत तर नाहीच.

नोव्हेंबरमध्ये भोवरा डगमगायला लागतो. तेव्हा नकाशावर दक्षिण अमेरिकेचं टोक पाहा. चिलीतलं पुंता अरेनास किंवा अर्जेंटिनातलं उश्वाया आज छिद्राखाली असतं, परवा बाहेर. तिथल्या लोकांसाठी हा नकाशा म्हणजे बाहेर पडताना टोपी घालायची का हा प्रश्न आहे. भारताचं मैत्री केंद्र ७० अंश दक्षिणेला आहे. भोवऱ्याची कड सरकली की तिथला आकडाही असाच बदलतो. या मोहिमा चालवणारी संस्था गोव्यात वास्को द गामा इथे आहे, त्यामुळे मैत्रीवरून येणाऱ्या बातम्यांवर गोव्याची मुद्रा असते.

उत्तर ध्रुवावर हे सहसा होत नाही, कारण तिथला भोवरा डोंगर आणि खंडांमुळे उठणाऱ्या लहरींनी लवकर मोडतो. पण २०२० चा मार्च जरूर पाहा. १२ तारखेला २०५ युनिटांपर्यंत घसरण झाली होती. तिथल्या मानानं ती फारच मोठी.

पायरी ७ : उभा छेद

स्तंभाची बेरीज कळली, पण ओझोन कोणत्या उंचीवरून गेला? त्यासाठी उपग्रह सरळ खाली न पाहता क्षितिजाच्या कडेकडे पाहतो. ऑरावरचं एमएलएस उपकरण हवेतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांवर चालतं, त्यामुळे त्याला रात्रीही दिसतं. ध्रुवीय रात्रीत काय चाललं आहे ते याच जातीच्या यंत्रांमुळे कळलं. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या साउंडर उपकरणानंही अवरक्त किरणांवरून एकूण ओझोन काढता येतो, तोही दिवसरात्र. सुरुवातीला उभ्या छेदात शिरू नका, फक्त असा छेद मिळतो हे माहीत असू द्या.

पायरी ८ : फसवणाऱ्या जागा

ढग. दाट ढगाच्या खालचा ओझोन यंत्राला दिसत नाही. तो भाग सरासरीवरून भरून घेतात. पावसाळ्यात आपल्याकडे हे सतत होतं, म्हणून जुलैतला दोन युनिटांचा फरक तर अजिबातच मनावर घेऊ नका.

ज्वालामुखी. सल्फर डायऑक्साइड ओझोनच्याच तरंगलांबींत प्रकाश शोषतो. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन फुटला तेव्हा टॉम्सच्या नकाशावर त्याचा ढग जादा ओझोनसारखा दिसला. त्यातूनच पुढे ज्वालामुखींचा सल्फर अवकाशातून मोजायची पद्धत निघाली. एखाद्या ठिकाणी एकाएकी लाल ठिपका उगवला तर आधी ज्वालामुखीची बातमी शोधा.

शिवण. पॅसिफिकमध्ये १८० अंश रेखांशावर कधीकधी उभी रेघ दिसते, दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. दिवसाचा नकाशा शिवताना पहिली आणि शेवटची फेरी तिथे एकमेकींना भेटतात आणि त्यांच्यात चोवीस तासांचं अंतर असतं.

हरवलेले आकडे. ओएमआयच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग २००७ पासून अडला आहे, तेव्हा त्याच्या नकाशात पट्टे सुटतात. १९९५ चं वर्ष तर छिद्राच्या बहुतेक उपग्रहीय आलेखांत रिकामंच आहे. एक यंत्र बंद पडलं होतं आणि पुढचं १९९६ मध्ये गेलं. फाइल उतरवून घेतली तर हरवलेल्या जागी शून्य किंवा उणे चिन्हाचा भलामोठा आकडा असतो. तो सरासरीत गेला तर सगळं वाटोळं.

आणि संशयास्पद म्हणून खूण केलेले आकडे. छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आणलं ते जमिनीवरच्या डॉब्सन यंत्रानं, अंटार्क्टिकातल्या हॅली बे केंद्रावरच्या नोंदींवरून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी. टॉम्सलाही तोच प्रकार दिसत होता, पण १८० च्या खालच्या नोंदींवर आपोआप ‘संशयित’ शिक्का बसत होता. ‘संगणकानं आकडे फेकून दिले’ अशी जी दंतकथा फिरते ती तितकी खरी नाही. आकडे साठवलेले होते, तपासणी चालू होती, फक्त ब्रिटिशांचा लेख आधी आला. शिक्का असलेला आकडा वापरू नका, पण एकाच जागी शिक्क्यांची रांग लागली तर तिकडे दुर्लक्षही करू नका.

पायरी ९ : स्वतःचा आलेख काढा

महिनाभर नकाशे पाहून झाले की नासाच्या ‘जिओव्हानी’ या साधनावर या. त्यासाठी लागणारं नासाच्या ‘अर्थडेटा’चं खातं मोफत निघतं. आलेखाचा प्रकार म्हणून क्षेत्राच्या सरासरीची कालमालिका निवडा, घटक म्हणून ओएमआयचा एकूण ओझोन स्तंभ. मग चौकोन द्या: पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर याच क्रमानं. पुणे-नगर परिसरासाठी ७३, १८, ७५, २० (अंक अर्थातच इंग्रजी). क्रम चुकला तर भलत्याच समुद्राची सरासरी हाती येते, म्हणून बाजूच्या छोट्या नकाशावर चौकोन कुठे पडला ते पाहून मगच पुढे जा. आधी एकच वर्ष घ्या. दहा वर्षं एकदम मागितली तर बराच वेळ ताटकळावं लागेल.

पुण्याच्या आलेखात हिवाळ्यातला तळ आणि उन्हाळ्यातला उंचवटा दिसला की आकडे उतरवून एक्सेलमध्ये घ्या. प्रत्येक महिन्याची अनेक वर्षांची सरासरी काढा आणि ती त्या-त्या महिन्यातून वजा करा. ऋतूंचा भाग निघून गेला की जे उरतं तेच पाहण्यासारखं असतं.

हाच प्रयोग मग विषुववृत्तावर करा, ५ अंश दक्षिण ते ५ अंश उत्तर. वजाबाकीनंतर एक संथ लाट राहील, पाच-दहा युनिटांची, साधारण २८ महिन्यांनी परत येणारी. विषुववृत्तावरच्या स्थितांबरातले वारे आलटून-पालटून पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून वाहतात, त्यांची ती लाट. १९५३ पासूनच्या नोंदींत ही लय कधी मोडली नव्हती, ती २०१६ च्या सुरुवातीला पहिल्यांदा विस्कटली. आलेख २०१२ पासून २०२० पर्यंतचा काढा, म्हणजे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुरेशा लाटा मिळतील.